परक्या मुलखातला संत : मेल्कचे संत कोलमन



१३ ऑक्टोबर ही तारीख आली की आपल्या डोळ्यांसमोर फातिमा उभी राहते. १९१७ साली याच दिवशी पवित्र मरियामातेने तिथल्या तीन लेकरांना शेवटचे दर्शन दिले. जपमाळेच्या या महिन्यात आपण ती आठवण भक्तिभावाने करतो, आणि ती करायलाच हवी. मात्र याच तारखेला ऑस्ट्रिया देशात आणखी एका संताचा सण साजरा होतो. त्यांचे नाव संत कोलमन. इ.स. १२४४ ते १६६३ अशी चारशेहून अधिक वर्षे ते त्या देशाचे आश्रयदाते संत होते. तिकडे लहान पोरालाही त्यांचे नाव ठाऊक असते. आपल्याकडे मात्र ते जवळजवळ अनोळखी आहेत. आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, अनोळखी असणे हीच त्यांच्या आयुष्याची आणि मरणाची कथा आहे. या रविवारी ती तुम्हांला सांगावी असे वाटले.

नदीकाठचा मठ

काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील एका छोट्या धर्मग्रामात उन्हाळ्याचा एक महिना बदली धर्मगुरू म्हणून सेवा करण्याची संधी आम्हांला मिळाली. आपल्याकडचे बरेच धर्मगुरू असे जातात, हे तुम्हांला माहीत आहेच. जर्मन भाषेतील मिस्सा आम्ही देवनागरीत लिहून घेऊन पाठ केली होती. वेदीवर उभे राहिलो की शब्द नीट येत. वेदीवरून खाली उतरलो की मुके. दुकानात बोट दाखवून पाव घ्यायचा आणि हसून आभार मानायचे, एवढीच आमची भाषा होती.

एका सोमवारी सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही मेल्कला निघालो. व्हिएन्नाच्या पश्चिमेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर डॅन्यूब नदीच्या काठी हे गाव आहे. गावावर एक उंच खडक आहे आणि त्या खडकावर बेनेडिक्टाईन संन्याशांचा प्रचंड मठ आहे. पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या भिंती, दोन मनोरे, मधे मोठा घुमट. दक्षिणेकडची भिंतच सुमारे २४० मीटर लांब आहे. आगगाडीतून उतरताच मान वर करावी लागते.

आज दिसणारी ही इमारत तीनशे वर्षांपूर्वीची आहे. बेर्टोल्ड डीटमायर हे १७०० साली अवघ्या तिसाव्या वर्षी मठाधिपती झाले आणि दोनच वर्षांत, १७०२ मध्ये, त्यांनी जुनी इमारत उतरवून नवी बांधायला घेतली. याकोब प्रांटटाउअर हे त्यांचे वास्तुकार. ते १७२६ साली वारले आणि उरलेले काम त्यांचे भाचे योसेफ मुंगेनास्ट यांनी पुरे केले. त्या काळच्या बरोक शैलीत कशालाच हात आखडता घेत नसत. मंदिरात शिरल्यावर सोने, लाल संगमरवर आणि छतावरची रंगीत चित्रे यांनी डोळे दिपून जातात. मठाच्या ग्रंथालयात हजारो जुने ग्रंथ आहेत. तिथे शाळाही चालते. १९६ मीटर लांबीचा एक पॅसेज आहे, त्याच्या भिंतींवर ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्यांची चित्रे ओळीने लावली आहेत. पुढच्या गच्चीवर उभे राहिले की खाली नदी आणि पलीकडे वाखाऊ खोऱ्याचे डोंगर दिसतात. त्या खोऱ्यात द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा आहेत.

हे सारे पाहून आम्ही मंदिरात बसलो. डाव्या बाजूच्या मोठ्या वेदीपाशी एक दगडी शवपेटी आहे. राजाची असावी असे वाटले. ती राजाची नव्हती. एका वाटसरूची होती, ज्याला त्याच मुलखातल्या लोकांनी हेर समजून झाडाला टांगले होते.

घर सोडलेला माणूस

कोलमन हे आयर्लंडचे. त्या काळी लॅटिन भाषेत आयरिश लोकांनाही स्कॉट म्हणत, म्हणून काही जुन्या लिखाणांत ते स्कॉटलंडचे म्हणून सांगितले आहेत. पुढे लोकांनी त्यांना आयर्लंडच्या राजाचा मुलगा केले. त्याविषयी आपण पुढे बोलू.

आयर्लंडच्या ख्रिस्ती लोकांत तेव्हा एक जुनी प्रथा होती. देवासाठी घर सोडायचे. आपले गाव, आपली भाषा, आपली माणसे या सर्वांवरचा हक्क सोडून परक्या देशात चालत राहायचे आणि देव नेईल तिकडे जायचे. आपल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खांद्यावर पडशी टाकून चालणारी माणसे आपण पाहतो. आयर्लंडमधून निघालेल्या अशाच माणसांनी युरोपात ठिकठिकाणी मठ उभारले. संत कोलंबान यांनी इटलीत बोब्बिओचा मठ स्थापला. संत गाल यांच्या नावाने स्वित्झर्लंडमध्ये शहर वसले.

कोलमन यांना मात्र मठ स्थापायचा नव्हता. त्यांना जेरुसलेमला जायचे होते. प्रभू जिथे चालले त्या भूमीवर आपलीही पावले उमटावीत, एवढीच इच्छा. त्या काळी जमिनीवरून तिकडे जाण्याची वाट नुकतीच मोकळी होत होती. इ.स. १००० च्या सुमारास हंगेरीचे राजे संत स्टीफन यांचा राज्याभिषेक झाला. त्यांनी आपले राज्य ख्रिस्ती केल्यामुळे डॅन्यूबच्या काठाकाठाने पूर्वेकडे जाणे यात्रेकरूंना शक्य होऊ लागले. दुसरी गोष्ट अशी की इ.स. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिम याच्या हुकमाने जेरुसलेममधील पवित्र कबरीचे मंदिर पाडण्यात आले होते. म्हणजे कोलमन वाटेत होते तेव्हा ज्या मंदिराकडे ते चालले होते ते पडलेले होते. तरी ते चालत होते.

स्टॉकराउ येथे

इ.स. १०१२ च्या उन्हाळ्यात ते स्टॉकराउ या ठिकाणी पोहोचले. मेल्कहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की व्हिएन्ना येण्याआधी उत्तर तीरावर हे गाव लागते. आज तिथे शांत शहर आहे. तेव्हा ती सरहद्द होती. एका बाजूला बवेरियाच्या अंमलाखालचा मुलूख आणि पलीकडे मोराविया. जर्मन राजा आणि पोलंडचा ड्यूक यांचे वैर चालू होते आणि त्याची झळ या सरहद्दीला लागत होती. आज या गावावर धाड, उद्या त्या गावाची जाळपोळ. लोक भ्यालेले होते. रात्री नीट झोप नसलेली माणसे दिवसा कशी वागतात हे आपल्याला ठाऊक आहे.

अशा गावात एक माणूस आला. वेगळे कपडे, वाढलेले केस, हातात काठी. कुठून आला, कुठे चालला, कुणी विचारले. त्याला प्रश्न कळला नाही. त्याने आपल्या भाषेत काही सांगितले. ते गावाला कळले नाही. लोकांनी ठरवले की हा शत्रूचा हेर आहे आणि न समजल्याचे सोंग करतो आहे.

त्याला पकडले. मारले. कबुली दे म्हणून छळ केला. परंपरा सांगते की तापलेल्या लोखंडाचे चटके दिले आणि पायाच्या नळ्यांवर करवत चालवली. कबूल करण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते आणि जे होते ते सांगायला भाषा नव्हती. शेवटी दोन चोरांच्या मधे एका झाडाला त्याला फाशी दिले. दोन चोरांच्या मधे कोण टांगले गेले होते हे ख्रिस्ती माणसाला सांगावे लागत नाही. त्या गावकऱ्यांनाही सांगावे लागत नव्हते. तेही ख्रिस्ती होते. रविवारी तेही मिस्सेला जात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला एक गोष्ट शिकवली होती. जो आरोप करतो त्याने पुरावा द्यायचा असतो. मी चोर नाही, मी हेर नाही, हे कोणताही माणूस सिद्ध करू शकत नाही. जो गप्प बसतो तो लपवतो असे म्हणता येते. जो बोलतो तो खोटे बोलतो असे म्हणता येते. जो रडतो तो नाटक करतो असेही म्हणता येते. एकदा संशय घ्यायचाच ठरवले की प्रत्येक गोष्ट त्या संशयाचाच पुरावा बनते. तेव्हा आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. कोलमन यांच्या शवपेटीसमोर बसल्यावर त्याचा अर्थ कळला. त्यांना तर्काच्या चुकीने मारले, आणि ती चूक करणारे लोक दुष्ट नव्हते, फक्त घाबरलेले होते.

झाडाला आलेली पालवी

पुढची हकिकत लोकपरंपरेने सांगितली आहे. त्यांचे प्रेत झाडावरच ठेवले गेले. दीड वर्ष गेले, पण ते कुजले नाही. गिधाडांनी आणि कावळ्यांनी त्याला शिवले नाही. नखे आणि केस वाढत राहिले. औषधासाठी म्हणून कुणी त्या देहाचा तुकडा कापला तर ताजे रक्त आले. आणि ज्या वाळक्या लाकडावर त्यांना टांगले होते त्याला पालवी फुटली.

यातील किती अक्षरशः खरे, असे कुणी आम्हांला विचारील. एवढे सांगता येईल की ही कथा शेकडो वर्षांनंतर रचलेली नाही. जर्मनीतील मेर्सेबुर्गचे बिशप थीटमार यांनी आपल्या इतिहासग्रंथात कोलमन यांच्या मृत्यूची, त्या झाडाची आणि मेल्कमधील दफनाची नोंद केली आहे आणि थीटमार स्वतः इ.स. १०१८ मध्ये वारले. म्हणजे घटनेनंतर सहा वर्षांच्या आतच ही वार्ता दूरच्या एका बिशपांच्या कानी गेली होती. निरपराध माणसाला हेर समजून मारले, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. पुढे बाराव्या शतकात मेल्कचे मठाधिपती एर्शनफ्रीड यांनी कोलमन यांच्या हौतात्म्याची सविस्तर कथा लिहिली.

आम्हांला त्या पालवीचा अर्थ असा वाटतो. ज्या माणसाला बोलता आले नाही त्याच्या वतीने लाकूड बोलले. गावाने ज्याचे ऐकले नाही त्याची साक्ष देवाने काढली. गावकरी रोज त्या झाडाखालून जात असतील. वर पाहायचे नाही असे ठरवूनही पाहत असतील. आणि एके दिवशी कुणाला तरी पहिल्यांदा वाटले असेल की आपण चुकलो. चमत्कार तिथूनच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

मेल्कला आणले

त्या वेळी त्या सरहद्दीचा अधिकारी होता बाबेनबेर्ग घराण्यातील हाइनरिश पहिला. ऑस्ट्रिया या नावाचे जुने रूप ज्या सर्वांत जुन्या कागदात सापडते तो इ.स. ९९६ चा कागद याच्याच काळातला. मेल्कच्या खडकावर त्याच्या घराण्याचा किल्ला होता. त्याने कोलमन यांचा देह सन्मानाने मेल्कला आणवला आणि १३ ऑक्टोबर १०१४ रोजी तिथे पुरला. म्हणून त्यांचा सण मृत्यूच्या दिवशी नाही, या दिवशी असतो.

यात राजकारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या किल्ल्यात संताची कबर असणे ही त्या काळी मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. पण देव माणसाच्या अर्ध्यामुर्ध्या हेतूंतूनही आपले काम करून घेतो. कबरीपाशी यात्रेकरू येऊ लागले. इ.स. १०८९ मध्ये त्याच घराण्यातील लेओपोल्ड दुसरा याने खडकावरचा किल्ला बेनेडिक्टाईन संन्याशांना दिला आणि तेव्हापासून आजपर्यंत तिथे प्रार्थना चालू आहे. इ.स. ११५५ मध्ये त्याच घराण्याच्या हाइनरिश दुसरा याने व्हिएन्नात नवा मठ स्थापला आणि त्यासाठी मुद्दाम आयरिश संन्याशांना बोलावून आणले. ज्या देशाच्या एका माणसाला याच मुलखाने झाडाला टांगले होते, त्याच देशाच्या माणसांना दीडशे वर्षांच्या आत आमंत्रण गेले. तो मठ आजही आहे आणि लोक त्याला स्कॉट लोकांचा मठ असेच म्हणतात.

कोलमन यांची भक्ती वाढत गेली. ज्या दगडावर त्यांचे पाय कापले असे मानतात तो दगड १३६१ साली ड्यूक रुडोल्फ चौथा याने व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथेड्रलच्या एका दारात बसवला. शेकडो वर्षे भाविकांचे हात लागून तो गुळगुळीत झाला आहे. जर्मनीत आल्प्सच्या पायथ्याशी श्वानगाउ येथे हिरव्या कुरणात त्यांचे एक देखणे मंदिर आहे. कॅलेंडरवर त्याचे चित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. दर ऑक्टोबरात तिथे शेतकरी सजवलेले घोडे घेऊन आशीर्वादासाठी येतात, कारण कोलमन हे गुराढोरांचेही रक्षणकर्ते मानले जातात. फाशी गेलेल्यांचे ते आश्रयदाते, प्रवाशांचेही. एवढेच काय, लग्न जुळत नसलेल्या मुलीही त्यांची प्रार्थना करीत. त्याचे कारण मजेशीर आहे. जर्मन भाषेत नवऱ्याला मान म्हणतात आणि कोलमन या नावाशी त्याचे यमक जुळते!

त्यांच्या चित्रांत त्यांना यात्रेकरूच्या वेशात, हातात काठी आणि दोरखंड घेतलेले दाखवतात. मेल्क गावात १३ ऑक्टोबरला त्यांच्या नावाची जत्रा भरते. १६६३ साली देशाचा आश्रयदाता म्हणून त्यांच्या जागी संत लेओपोल्ड आले. ते बाबेनबेर्ग घराण्यातलेच राजपुरुष होते. कोलमन मात्र आपल्या जागी राहिले.

आता राजपुत्राची गोष्ट. लोकांनी कोलमन यांना आयर्लंडच्या राजाचा मुलगा का केले असावे? आम्हांला वाटते, एका साध्या वाटसरूला मारले ही गोष्ट लोकांना पुरेशी गंभीर वाटेना. तो राजपुत्र होता म्हटले की आपण केवढी चूक केली असे वाटते. पण प्रभूपुढे तो हिशोब चालत नाही. तो राजपुत्र नसता, संत नसता, अगदी चोर असता, तरी त्याला तसे मारण्याचा अधिकार त्या गावाला नव्हता.

दोन आज्या

मेल्कहून परतताना आम्ही चुकीच्या बसमध्ये बसलो. संध्याकाळी एका खेड्यात शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा परतीची बस नव्हती. अंगावर साधा शर्ट होता, धर्मगुरूची खूण काही नव्हती. काळ्या रंगाचा एक परका माणूस अंधार पडताना थांब्यावर उभा. खिडकीचे पडदे हलले. दोघे जण दारात येऊन पाहून गेले. आम्हांला मनातून भीती वाटली हे कबूल करतो. दुपारीच ती शवपेटी पाहिली होती.

मग एक आजी काठी टेकत आल्या. त्यांनी काहीतरी विचारले. आम्हांला कळले नाही. आम्ही खिशातून आमच्या धर्मग्रामाचे नाव लिहिलेला कागद काढून दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, आमचा दंड धरला आणि सरळ आपल्या घरी नेले. पाणी दिले, जर्दाळू घातलेला केकचा तुकडा दिला आणि मुलाला फोन केला. तासाभराने त्या मुलाने आम्हांला मोटारीतून धर्मगुरुनिवासाच्या दारात सोडले. आम्ही कोण हे त्या आजींना तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी आधी पाणी दिले, विचारपूस नंतर केली.

दुसरी आजी आपल्या धर्मग्रामातली. ही गोष्ट लिहावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. तुमच्यापैकी अनेकांना ती माहीत आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप मोबाईलवर फिरत होते ते दिवस आठवा. एका रात्री साडेदहाला आम्हांला फोन आला की एका वाडीतील क्रूसाजवळ एक माणूस पकडला आहे. आम्ही गेलो. विजेच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला, ओठ फुटलेला, तिशीचा एक माणूस. मराठी येत नव्हती, हिंदी मोडकी. तो सारखा हात जोडायचा प्रयत्न करीत होता, पण हात बांधलेले होते. भोवती चाळीस-पन्नास जण. सगळे चेहरे ओळखीचे.

आम्ही गर्दीतून पुढे गेलो आणि त्याला पहिला प्रश्न काय विचारला? ओळखपत्र आहे का, असा. बंधुभगिनींनो, त्या रात्रीपासून तो प्रश्न आमच्या मनातून जात नाही. धर्मगुरूने आधी दोरी सोडायला हवी होती. आम्ही आधी पुरावा मागितला.

तेवढ्यात बाजूच्या घरातल्या आजी तांब्या घेऊन आल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी त्या माणसाच्या तोंडाला पाणी लावले. आणि मग गर्दीकडे वळून एवढेच म्हणाल्या की सोडा त्याला, लेकरू आहे कुणाचे तरी. गर्दीतल्याच एका तरुणाने दोरी सोडली. पोलिस आले, मुकादमाची ओळख पटली. तो बांधकामावरचा मजूर निघाला. नवीन होता, चुकीच्या नाक्यावर उतरला होता आणि आपली झोपडी शोधत होता.

त्या रात्री थोडक्यात निभावले. प्रत्येक ठिकाणी निभावत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. ते भिक्षेकरी भटके होते, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अफवेने पेटलेल्या जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते आणि ते सुरतला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. देवाच्या नावाने घर सोडलेली माणसे, परका मुलूख, घाबरलेले गाव, रात्रीची वेळ. हजार वर्षे मधे गेली आणि कथा तीच राहिली. मारले गेलेले कोणत्या धर्माचे आणि मारणारे कोणत्या, हा प्रश्न इथे विचारू नये. स्टॉकराउला दोन्हीकडे ख्रिस्तीच होते.

आपण काय करावे

मेल्कचे मंदिर अतिशय सुंदर आहे. पुन्हा संधी मिळाली तर आम्ही पुन्हा जाऊ. पण तिथे बसल्यावर मनात एक विचार येतो. इतके सोने, इतके संगमरवर, इतके उंच मनोरे. कोलमन यांना यातले काही नको होते. त्या दिवशी एक तांब्या पाणी आणि थोडा धीर, एवढे मिळाले असते तर ते आपल्या वाटेने निघून गेले असते. जगाला त्यांचे नावही कळले नसते, आणि ते जास्त चांगले झाले असते. मेलेल्याची कबर बांधणे माणसाला नेहमी जमते. जिवंत माणसाचे दोन मिनिटे ऐकून घेणे जमत नाही. न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला परक्याविषयीच विचारणार आहे, हे मत्तयच्या शुभवर्तमानात त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. त्या परक्यात आपण होतो, असे तो म्हणणार आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी आम्ही तुमच्यासमोर ठेवतो. पहिली, मोबाईलवर आलेला भीतीचा निरोप खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. एक बोट थांबले तर एक जीव वाचू शकतो. दुसरी, संशय आलाच तर पोलिसांना ११२ वर फोन करा, पण कुणाच्या अंगाला हात लावू नका आणि लावू देऊ नका. गर्दीत एकाने सोडा म्हटले तर इतरांनाही धीर येतो, हे आपण पाहिले आहे. तिसरी, आपल्या वाड्यांत भाड्याने राहणारे, बांधकामावर राबणारे, मासळीच्या टोपल्या वाहणारे कितीतरी लोक बाहेरून आलेले आहेत. त्यांपैकी एकाचे तरी नाव या आठवड्यात विचारा. नाव ठाऊक असलेला माणूस परका राहत नाही. आपलीही मुले आज आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात परक्या बसथांब्यावर उभी आहेत. त्यांना कुणी दंड धरून घरी न्यावे असे आपल्याला वाटतेच ना?

येत्या १३ ऑक्टोबरची सायंकाळची मिस्सा आम्ही वाटेत मरण पावलेल्या सर्व प्रवाशांसाठी अर्पण करणार आहोत. जपमाळेनंतर थांबावे ही विनंती. ज्या रात्री आम्ही चुकलो त्या रात्रीसाठीही आम्ही त्या वेदीवर क्षमा मागणार आहोत. ज्यांना वाटेल त्यांनी आमच्यासोबत मागावी.

हे प्रभू, तुझा सेवक कोलमन याला बोलता आले नाही तेव्हा तू त्याच्यासाठी बोललास. आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक परक्याचे ऐकायला आम्हांला कान दे, आणि दोरी सोडायला हात दे. आमेन.

तुमचे धर्मगुरू